गंगावन

तळ्याचं पाणी उतरलं की वस्तीतल्या बायकांच्या दातांना काम यायचं.

तळं भरलेलं असताना लांब, उभी जाळी चालत. ती हलकी असत, बोयांवर तरंगत आणि पुरुषच विणत. पण पाणी आटायला लागलं की मासा मधल्या खोल भागात जाऊन बसे आणि त्याला धरायला फेकायचं गोल जाळं लागे. हातानं भिरकावलं की छत्रीसारखं उघडणारं आणि पाण्यावर पडलं की तसंच खाली जाणारं. त्यासाठी जाळ्याच्या काठाला वजन हवं. ते वजन म्हणजे शिशाचे मणी. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं, साच्यात ओतून पट्ट्या करायच्या, छिन्नीनं तुकडे पाडायचे. तुकडा अर्धा वाकवून काठाच्या दोरीवर बसवायचा आणि मग तोंडात धरून दातानं आवळायचा. दोन्ही हात जाळं ताणून धरण्यात गुंतलेले असतात. पकडीनं आवळला तर दोरी दुखावते, कमी आवळला तर मणी घसरतो. किती आवळायचं ते दाताला बरोबर कळतं.

या वर्षी पाणी फारच लवकर उतरलं. काठचा चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या, नावा कोरड्यात तिरप्या पडल्या आणि सगळ्यांना एकदम फेकायची जाळी हवी झाली. दुसरं काम कुठं नव्हतंच. शेतं उघडी पडलेली, वीटभट्टी पाण्यावाचून थंड. ज्याच्या घरी दात होते, त्याच्या घरी चूल पेटत होती.

जाळेवाल्याच्या घरी दात होते ते लेकीचे. त्याची थोरली बहीण, अक्का, नवरा गेल्यावर त्याच्याकडेच राहायला आली होती. तिचे दात कधीच पडून गेले होते. ती चूल सांभाळायची आणि उरलेला दिवस दारात बसून दोरी वळता वळता तोंड चालवायची. जाळेवाला अंगणात शिसं वितळवायचा. त्याची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

"ओठ वर कर गं, दाखव यांना," अक्का शेजारणींसमोर भाचीला म्हणायची.

लेक नाइलाजानं ओठ वर करायची. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेनं, निळसर काळी बारीक रेघ होती. मणी आवळणाऱ्या प्रत्येक बाईला ती यायची. वस्तीत तिला कामाची रेघ म्हणत. सून बघायला गेलेल्या बायका आधी मुलीचा ओठ वर करून ती रेघ बघत.

"बघा, या वयात केवढी ठसठशीत उमटलीय. आमच्या घरात बसून खाणारं कोणी नाही."

"तुम्ही सोडून," एक शेजारीण म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. बोळकं उघडं टाकून अक्काही हसायची.

लेक हसायची नाही. पूर्वी हसायची.

घरातल्या खुंटीवर जाळेवाल्याचं स्वतःचं जाळं टांगलेलं होतं. ते बायकोनं केलेलं. तिचा पुढचा एक दात कोपऱ्यात किंचित तुटका होता, त्यामुळं तिच्या प्रत्येक मण्यावर एका बाजूला सरळ खूण आणि दुसऱ्या बाजूला खाच असायची. शंभर जाळ्यांतून तिचं जाळं ओळखू यायचं. जाळेवाला येता-जाता त्या मण्यांवरून अंगठा फिरवायचा. कुणी बघत असलं तर जाळं वाळलं का ते बघतोय असं दाखवायचा.

लग्न होऊन आली तेव्हा बायकोला वस्तीत मुकी म्हणत, इतकी ती कमी बोलायची. तेव्हा जाळ्यांना भाजक्या मातीचे मणी असत. मग बाजारातल्या भिंगवाल्या व्यापाऱ्यानं शिसं आणलं. मुकी सगळ्यांत हुशार निघाली. तिच्यासारखा मणी कुणाला आवळता येईना. आणि पुढच्या काही वर्षांत तिचं काय झालं कोण जाणे, ती कशावरूनही पेटायला लागली. ताट भिरकावायची. सांगितलेलं विसरायची आणि विसरली म्हटलं की अंगावर यायची. रस्त्यात कुणाशीही भांडायची. वस्तीनं नाव बदललं. मुकीची ठिणगी झाली. पोरं लांबून ओरडायची, "ठिणगी आली, पाणी आणा!" शेवटी एकदा तिनं उकळत्या चहाचं पातेलं अक्काच्या पायावर फेकलं तेव्हा जाळेवाल्यानं तिला तिच्या भावाकडे पाठवलं. "चार दिवस राहा. डोकं थंड झालं की न्यायला येतो," म्हणाला. ती नावेत बसली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. तिकडेच तिला झटके येऊ लागले आणि तिकडेच ती गेली. तो पोचला तेव्हा तिचं अंथरूणसुद्धा गुंडाळून ठेवलेलं होतं.

*

त्या दिवशी दुपारी लेक मणी आवळत बसली होती. अक्का म्हणाली, "पाणी भरलंस का गं?"

"भरलं."

"घागर तर रिकामी आहे."

"भरलं म्हणाले ना!"

"अगं, बघ तरी उठून. उपडी पडलीय."

लेक उठली. घागरीकडे बघत उभी राहिली. मग जमिनीवरची छिन्नी उचलून तिनं भिंतीवर अशी मारली की मातीचा पोपडा खाली आला. "सगळा वेळ माझ्याच मागे! सगळा वेळ!" तिचा आवाज चिरकला. मग पोट धरून ती खाली बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

अंगणातून जाळेवाला पळत आला. अक्का हळूच म्हणाली, "आईवर गेली रे पोर. हुबेहूब आईवर."

लेकीच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण हात शिशाच्या राखेनं माखले होते. तो तसाच उभा राहिला. ताट फेकून झाल्यावर बायकोही अशीच पोट धरून बसायची. तेव्हा त्याला वाटायचं, सोंग करतेय.

"दुखतंय का, बाळा?"

"नाही."

"मग अशी का बसलीस?"

"बसले. बसायचंही नाही का?"

*

त्याच आठवड्यात दवाखान्यातली नर्स वस्तीत आली. अंगानं बारीक, सायकलवरून फिरणारी. दर घरातल्या बायका-मुलींचे केस गोळा करायचे होते तिला.

"केस कशाला?" अक्कानं विचारलं. "करणी करता का कुणावर?"

"करणी करायला मला वेळ कुठंय, आजी? केसात आपण खातो-पितो त्यातलं थोडंथोडं साठत जातं. लोह, जस्त, तांबं, नको ते विषही. शहरातल्या तपासणीत ते दिसतं. या वस्तीतली मुलं शाळेत मागं का पडतात, बायकांची पोटं सारखी का दुखतात, ते बघायचंय."

"मग यांचे घ्या," अक्का भावाकडे बोट दाखवून म्हणाली.

नर्सनं जाळेवाल्याच्या डोक्याकडे पाहिलं. तिथं कानांच्या वरतीसुद्धा काही उरलं नव्हतं. "काका, तुमच्याकडून काय घेऊ? तिथं तर आरसा आहे."

"घ्या की," तो म्हणाला. "तोंड बघून घ्या."

नर्स हसली. लेकीकडे वळून म्हणाली, "तू ये. फडकं सोड, मानेजवळची बारीक बट कापते."

लेकीनं डोक्याचं फडकं घट्ट धरलं. "मी कापून देते. आत जाऊन."

"का गं? मी काय सगळे कापणार आहे?"

"लाजतेय," अक्का घाईनं म्हणाली. "द्या कात्री तिच्याकडे."

नर्सला अजून बरीच घरं करायची होती. तिनं कात्री आणि दोरा दिला. "अगदी मुळापासून काप. आणि मुळाकडच्या टोकाला दोरा बांध, म्हणजे वर कुठलं, खाली कुठलं ते कळेल." लेक दाराआड गेली आणि लांबलचक बट घेऊन बाहेर आली. काळीभोर, कमरेच्याही खाली जाईल एवढी.

"अगं बाई," नर्स म्हणाली, "केस आहेत की दोर!"

जाळेवाल्याला बरं वाटलं. गेल्या काही महिन्यांत लेकीची वेणी जाड झाल्याचं त्यानंही पाहिलं होतं. केस तरी आईचे घेतलेत पोरीनं, असं तो मनात म्हणाला होता.

*

नर्स परत आली तोवर तळ्याचं पाणी आणखी उतरलं होतं. मधलं बेट काठाला जोडलं गेलं होतं. जाळेवाला पळीत शिसं वितळवत होता. नर्सनं सायकल भिंतीला टेकवली आणि आधी त्याला म्हणाली, "काका, ते खाली ठेवा. त्या धुरापासून बाजूला या."

"एवढी पट्टी ओततो."

"नको. आधी ऐका."

घरात बसल्यावर तिनं लेकीला जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेऊन बोटं सरळ करायला सांगितली. बोटं थरथरत होती, पण फार नाही. नर्स चक्रावल्यासारखी दिसली.

"हिच्या केसात शिसं आहे," ती म्हणाली. "इतकं, की शहरातल्यांनी तपासणी पुन्हा केली. त्यांना वाटलं, काही चूक झाली. त्यांनी त्या बटेचे तुकडे करून बघितलं. केस महिन्याला अर्धं पेर वाढतो. म्हणजे मुळाजवळचा भाग आत्ताचा आणि टोक काही वर्षांपूर्वीचं. टोकाला काहीच नाही. साध्या माणसाच्या केसासारखं. मग मधे वाढत वाढत गेलंय, आणि मुळाशी तर..." ती थांबली. "एवढं शिसं अंगात असलेला माणूस असा उठून चालत नाही. पोट मुरडून दुखतं. विसरायला होतं. जीव चिडचिडा होतो, कशावरूनही राग येतो, हातातलं फेकावंसं वाटतं. तो स्वभाव नसतो, आजार असतो. पुढं झटके येतात." ती लेकीकडे वळली. "तुला झटके आलेत का गं? खरं सांग."

"मला नाही. आईला यायचे."

"आईचं नाही, तुझं विचारतेय."

लेक खाली बघून म्हणाली, "केस आईचे आहेत."

मग लेकीनं डोक्याचं फडकं सोडलं, पाठीवरची वेणी पुढं घेतली आणि मधेच बांधलेला काळा गोफ उकलला. वेणीचा मोठा भाग तिच्या हातात सुटून आला. डोक्यावर राहिली ती उंदराच्या शेपटीएवढी झुपकी, आणि तिच्या आजूबाजूला पांढरी कातडी दिसत होती.

"गंगावन आहे ते," अक्का हळूच म्हणाली. "आईच्या केसांचं. शेवटी शेवटी ती विंचरू देईना, म्हणून तिच्या भावानं वेणी कापली होती. अंथरुणाबरोबर इथं पाठवली. हिचे केस गळायला लागले, म्हणून मीच जोडायला शिकवलं. बघायला कोणी आलं तर लाज नको जायला."

जाळेवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं. अंथरूण आलं तेव्हा त्यानं ते उघडलंच नव्हतं.

नर्सनं लेकीचा ओठ वर केला. ती रेघ तिनं बराच वेळ पाहिली. "ही केव्हापासून आहे?"

"चांगली असते ती," अक्का म्हणाली. "कामाची रेघ."

"शिशाची रेघ आहे ती, आजी."

अक्काचं बोळकं उघडंच राहिलं. मग ती तरातरा उठून चुलीकडे गेली आणि विझलेल्या चुलीत फुंकर मारत बसली.

*

लेकीचे केस कापले ते जाळेवाल्यानंच. नर्स म्हणाली होती, "केसावरून सगळं कळत नाही, मी रक्तही घेते. पण डोकं बारीक करून टाका. पुढं उगवेल तो केस नवा. तो चार बोटं झाला की मी पुन्हा नेईन. ही मणी तोंडात घालणार नसेल, तर हळूहळू तो निवळत गेलेला दिसेल. औषध हेच. पण तोंडात एकही मणी जाता कामा नये. पुढं लग्न झालं, पोटात मूल राहिलं, तर त्याच्यातही उतरतं हे."

अंगणात उजेडाला लेक उकिडवी बसली. तो जाळ्याचा दोर कापायची कात्री घेऊन मागं बसला. कुंपणापलीकडून शेजारणी बघत होत्या.

"अहो, एकुलती एक पोर, तिला बोडकी करता?"

"नर्सनं सांगितलंय."

"नर्सला काय, ती येईल सायकलवर अन् जाईल. उद्या हिला बघायला कोण येणार? आम्हीही मणी चावतो, आम्हाला काय झालंय?"

"आरडाओरडा किती करता तुम्ही, ते ऐका आधी," लेक मान खाली घालूनच म्हणाली. एक शेजारीण फणकारून आत गेली. दुसरीनं मात्र हळूच बोटानं स्वतःचा ओठ वर केला आणि नवऱ्याच्या दाढीच्या आरशात बघायला गेली.

कापलेले केस हातात मूठभरही भरले नाहीत. डोक्याला कुठं कुठं जुन्या खोका होत्या, त्या त्याला पहिल्यांदाच दिसल्या. यातली कुठली बायकोच्या हातची असेल, असं त्याच्या मनात आलं. ती लेकीलाही मारायची. एकदा तर तिनं... पण तो पुढं आठवायला गेला नाही.

आत येऊन त्यानं ती वेणी मांडीवर घेतली. दोऱ्यानं बांधलेलं मुळाकडचं टोक वर, मोकळं टोक खाली. नर्सचं बोलणं त्याला नीट कळलं होतं. जाळं मोजणाऱ्याला लांबीचा हिशोब सांगावा लागत नाही. खालचं टोक मातीच्या मण्यांच्या दिवसांतलं. तेव्हा ती ओट्यावर बसून गप्प विणायची आणि तो काही विचारेल तर नुसती मान हलवायची. जरा वर आलं की लेक शाळेत जायला लागली ते वर्ष. मग शिसं आलं. इथं कुठंतरी तिनं पहिलं ताट फेकलं. इथं वस्तीनं नाव बदललं. इथं तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. आणि अगदी वर, दोऱ्याजवळ, ती नावेत पाठ करून बसली होती.

अक्का दारातून बघत होती. तिच्या पायावर चहानं भाजल्याचा डाग अजून होता. "वरचं तेवढं कापून फेकू का?" ती म्हणाली. "विष आहे त्यात. खालचं ठेव. ते चांगलं आहे."

"राहू दे," तो म्हणाला. "ती पण तीच होती."

अक्का खाली बसली. पदरानं डोळे पुसले. "मी तिला काय काय बोलले रे."

"सगळेच बोललो."

*

रक्ताचा निकाल आला. केसावरून आईच्या अंगात जेवढं असावं, त्याच्या निम्म्यानं होतं. "वेळेवर सापडली," नर्स म्हणाली. "पण ती निम्म्यावर आहे, काका. बरी नाही."

त्या दिवसापासून जाळेवाल्यानं लेकीला मणी लावू दिले नाहीत. शिसं वितळवायची चूल त्यानं वस्तीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेली. अंगावरचे कपडे बाहेर काढून तो घरात यायला लागला. बाजारातून पकड आणली. तिच्या जबड्याला चिंधी गुंडाळली, म्हणजे दोरी दुखावणार नाही. पहिलं जाळं पुरं व्हायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, पण झालं. मणी घट्ट होते. त्यानं एकेक ओढून बघितला होता.

जाळं घेऊन तो बाजाराला गेला. भिंगवाला गादीवर बसला होता. त्याला सगळे भिंगवाला म्हणत, कारण प्रत्येक जाळं घेताना तो खिशातून भिंग काढून मण्यावरची दाताची खूण बघायचा. दाताची खूण म्हणजे जाळं पक्कं, असं त्यानंच दूरदूरच्या गिऱ्हाइकांना शिकवलं होतं. गिऱ्हाईकही आता खूण बघूनच घ्यायचं.

त्यानं भिंग लावलं. एक मणी, दुसरा, तिसरा. मग भिंग खिशात ठेवलं.

"हे काय आणलंस?"

"जाळं, शेठ."

"दात कुठंयत?"

"पकडीनं आवळलंय. ओढून बघा, हलत नाही."

"मी कशाला ओढू? गिऱ्हाईक ओढतं का? गिऱ्हाईक खूण बघतं." त्यानं जाळं पायानं बाजूला सारलं. शेजारी जाळी घेऊन उभे असलेले सगळे बघत होते. "तुझ्या बायकोच्या जाळ्याला लोक नाव घेऊन मागायचे. एका दाताची खाच असलेलं द्या म्हणायचे. आणि तू हे आणलंस? मुलगी काय करते तुझी?"

"आजारी आहे."

"दात आजारी आहेत का?"

कुणीतरी हसलं. जाळेवाल्यानं जाळं गोळा केलं. दोन मण्यांना धूळ लागली होती, ती त्यानं सदऱ्यानं पुसली. त्यानं विचारलं, "शेठ, शिसं वाईट असतं म्हणतात. मातीचे मणी परत चालतील का?"

"मातीचे?" भिंगवाल्यानं दुसऱ्याचं जाळं ओढून घेत म्हटलं. "पाणी खोल गेलंय. मातीचं जाळं तरंगत बसेल, मासा खाली हसेल. जा, उन्हात उभा राहू नकोस."

*

परतल्यावर त्यानं काहीच सांगितलं नाही. पण न विकलेलं जाळं खांद्यावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तो शिसं ओतून घरी आला, तर अक्का दारात नव्हती. पाण्याला गेली होती. आत लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती. बोडक्या डोक्यावर एक बोटभर केस आले होते, काळे, ताठ, नवे. तिच्या मांडीवर तेच जाळं होतं आणि पकडीच्या खुणेवर ती दात दाबत होती.

"काय करतेस?"

ती दचकली. मणी तोंडातून सुटला. ओठ राखाडी झाले होते. "खूण पाडतेय नुसती. आवळलेलंच आहे. नुसती खूण."

"थुंक."

"बाबा, नुसती—"

"थुंक म्हटलं ना!"

ती बाहेर जाऊन थुंकली. तो तिला माठाजवळ घेऊन गेला, स्वतःच्या हातानं चूळ भरायला लावली. पुन्हा, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं पाणी त्याच्याच अंगावर उडवलं. "मग खायचं काय? सांगा ना! मी मणी चावायचे नाहीत, आत्याला दात नाहीत, शेठ घेत नाही. तळ्यातला चिखल खायचा का?" तिचा आवाज पुन्हा चिरकला. तो तिच्याकडे बघत राहिला. हा स्वभाव नाही, त्यानं स्वतःला सांगितलं. हा स्वभाव नाही.

"जा, अक्काच्या हातातली घागर घे," तो म्हणाला. "येईपर्यंत काढतो काहीतरी मार्ग."

ती गेल्यावर तो तिच्या जागेवर बसला. जाळं मांडीवर घेतलं. त्याचे पुढचे दात शाबूत होते. म्हातारपणी तेवढी एकच गोष्ट त्याच्याजवळ धड राहिली होती. त्यानं पहिला मणी तोंडात धरला आणि दाबला. मणी निसटला. दुसरा जास्त दाबला गेला, दोरी करकरली. इतकी वर्षं तो या कामाच्या शेजारी बसला होता आणि त्याला ते येत नव्हतं. जीभ कुठं ठेवायची तेही कळत नव्हतं.

मग त्याला चव लागली. गोडसर होती. बायको एकदा म्हणाली होती, अगदी सुरवातीला, मुकी होती तेव्हा. "गोड लागतं," एवढंच. त्यानं तेव्हा ऐकलं होतं आणि विसरलाही होता.

लेक घागर घेऊन दारात आली तेव्हा त्याचे ओठ राखाडी झाले होते.

"बाबा!"

"माझं काय उरलंय," तो म्हणाला. "मला कोण बघायला येणार आहे? इकडे ये. लांबून बघ आणि सांग. जीभ कुठं ठेवायची?"

ती खाली बसली, मग उठली, मग पुन्हा बसली. अक्का तिच्यामागे उभी होती. तिनं तोंडावर पदर धरला होता. शेवटी लेक म्हणाली, "खालच्या दातांच्या मागे दाबून धरायची. आणि कडेच्या दातानं चावायचं नाही, तिथं कळत नाही. पुढच्या." तिनं मणी अंगठ्यानं फिरवून बघितला. "हा सैल आहे. हा तर तुम्ही चपातीसारखा लाटलाय."

"मग परत."

"परत."

*

भिंगवाल्यानं भिंग काढलं. पहिला मणी बघितला, दुसरा बघितला.

"नवे दात दिसतायत. कुणाचे?"

"घरचेच, शेठ."

"जरा रुंद आहेत." त्यानं जाळं ढिगावर टाकलं. "पण चालतील."

हंगाम तसाच चालला. जाळेवाला दिवसा मणी आवळायचा आणि लेक जाळी विणायची, मण्याला हात न लावता. अक्का आता शेजारणींसमोर भाचीला ओठ वर करायला सांगत नव्हती. सुरवातीला त्याचं पोट दुखलं नाही, मग दुखायला लागलं. एकदा भाजी खारट झाली म्हणून तो अक्कावर इतका ओरडला की स्वतःच गप्प झाला आणि उठून बाहेर जाऊन बसला. लेक त्याच्याकडे बघत होती. "काही नाही," तो म्हणाला. "ऊन लागलंय." हिरडी त्यानं आरशात पाहिली नाही.

लेकीचे केस दोन बोटं झाले, मग तीन, मग चार. दाट येत होते. ती आता पाणी भरलं की आठवणीनं सांगायची. शेजारणीच्या टोमण्याला तिनं परवा टोमण्यानं उत्तर दिलं आणि दोघी हसल्या. आईचं गंगावन तिनं पेटीत ठेवलं होतं, एका स्वच्छ फडक्यात, अख्खंच.

नर्स येणार होती त्या सकाळी लेक लवकर उठली आणि केस धुवायला बसली.

"काका," मागच्या खेपेला नर्स जाता जाता म्हणाली होती, "तुम्ही इतकी वर्षं शिसं वितळवताय. डोक्यावर नाही, पण दाढीचे केसही चालतात. पुढच्या वेळी तुमचेही घेऊन जाईन."

जाळेवाल्यानं कोनाड्यातला आरसा काढला, वाटीत पाणी घेतलं आणि नर्स यायच्या आधीच दाढी केली. अगदी गुळगुळीत, गळ्यापर्यंत. मग पात्याला चिकटलेला फेस आणि केस त्यानं चुलीत टाकले, आणि दारात जाऊन सायकलची वाट बघत बसला.